एका संकेतस्थळाने पंधरा दिवस दाराबाहेर ठेवलंय, काय करावं?

माणकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आटपाडी तालुक्यात आमची साडेतीन एकर डाळिंबाची बाग आहे. गेल्या मृग बहारात तेल्याने निम्मा माल नेला. तेव्हापासून या रोगावर मिळेल ते वाचतोय. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची पत्रकं वाचून झाली, केंद्रावर जाऊनही आलो. तेल्या आणणारा जिवाणू झँथोमोनास कुळातला. त्याचे भाऊबंद लिंबावर खैऱ्या आणतात, भातावर करपा आणतात, टोमॅटोवर ठिपके आणतात. या सगळ्यांचा फोटोंसह मोठा संग्रह परदेशातल्या एका विद्यापीठाने नेटवर खुला ठेवलाय. रोज रात्री जेवण झालं की तासभर बसायचो, चार पानं वाचायचो, कळलं ते वहीत मराठीत उतरवायचो. सत्तर पानं भरली होती.

पंधरा दिवसांपूर्वी नेहमीसारखं उघडलं तर पांढऱ्या पानावर इंग्रजीत एवढंच, की तुम्हाला अडवण्यात आलं आहे. खाली लिहिलंय, ही साइट हल्ल्यांपासून बचावासाठी सुरक्षा सेवा वापरते आणि तुम्ही आत्ता जे केलं त्यामुळे ती सेवा सावध झाली. मी फक्त पान उघडलं होतं.

ब्राउझरचा साठा पुसला, दुसरा ब्राउझर टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला, राउटर रात्रभर बंद ठेवला. घरातल्या तिन्ही फोनवरही वायफायने तेच पान. संपर्काचं पान उघडून तक्रार करावी म्हटलं, तर तेही त्याच दाराच्या आत.

मला याचं मनापासून वाईट वाटलंय. जाणत्यांनी मार्ग दाखवावा.

नदीष्ट | सोमवार, रात्री ९:५२

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडून बघा. उघडलं, तर अडवलंय ते तुमच्या जोडणीच्या पत्त्याला, तुम्हाला नाही.

अडवल्याच्या पानावर तळाशी आकडे-अक्षरांची एक लांब ओळ असते. तिचा फोटो काढून ठेवा, वेळेसकट. पुढे लागेल. आणि तोवर पुन्हा पुन्हा ताजं करत बसू नका. ठोठावणं वाढलं की काही यंत्रणा बंदीची मुदत वाढवतात.

माणकाठ | सोमवार, रात्री १०:१५

उघडलं! पण आमच्या वस्तीवर मोबाइलची रेंज म्हणजे एक काडी, तीही अंगणात. ठिपक्यांचे मोठे फोटो उतरत नाहीत. लांब ओळ आहे, फोटो काढला.

तारमार्ग | सोमवार, रात्री ११:३०

माणकाठ दादा, मी सोळा वर्षं नेटवर्कच्या कामात आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आपल्याकडे लाखो घरांचा आहे आणि बहुतेकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

इंटरनेटवर जोडणीला एक आकडी पत्ता लागतो, त्याला आयपी म्हणतात. जुन्या पद्धतीच्या अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. आपल्या खेड्यापाड्यांत घरोघरी नेट आलं ते बहुतेक त्यानंतर. ज्यांनी आधी पत्ते घेऊन ठेवले त्यांच्याकडे ते भरपूर आहेत. तालुक्याच्या केबलवाल्याला मूठभर मिळाले. म्हणून तो एकेका पत्त्यामागे शेकडो घरं बसवतो. वाड्यात पन्नास बिऱ्हाडं, पण बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला घर क्रमांक एकच. एका बिऱ्हाडात काही काळंबेरं चाललं की दंड साऱ्या वाड्याला.

तुमचं असंच आहे का ते पाहायला राउटरच्या सेटिंगमध्ये जा आणि ‘वॅन आयपी’ समोर काय लिहिलंय ते वाचा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही वाड्यात आहात. हा टापू २०१२ मध्ये मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवला गेला. १० ने सुरू होत असला तरी अर्थ तोच. मग ‘माझा आयपी काय’ असं शोधून मिळणाऱ्या कुठल्याही पानावर दिसणारा आकडा बघा. तो वेगळा निघेल. तोच तुमचा बाहेरचा पत्ता, आणि अडवलाय तो.

तो बाहेरचा पत्ता स्पॅमहाउसच्या (बदनाम पत्त्यांच्या याद्या ठेवणारी संस्था) तपासणी पानावर टाका. तिथे दोन याद्यांमध्ये गल्लत करू नका. ‘पीबीएल’ मध्ये नाव आलं तर घाबरू नका, घरगुती जोडण्यांचे पत्ते त्यात असायचेच. ‘एक्सबीएल’ मध्ये आलं, तर मात्र त्या पत्त्यामागच्या कुठल्यातरी यंत्रात विषाणू शिरलाय.

गरुडझेप | मंगळवार, सकाळी ७:०५

एवढी खटपट कशाला? फुकटचं व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्याच पत्त्यावरून नेट चालवणारं ॲप, टाका, पाच मिनिटांत काम.

तारमार्ग | मंगळवार, सकाळी ८:२०

गरुडझेप, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला मी कुणालाच देणार नाही. व्हीपीएनचे पत्ते डेटा सेंटरमधले असतात आणि तेही हजारोंनी वापरलेले. सुरक्षा यंत्रणा त्यांच्याकडे घरगुती पत्त्यापेक्षा जास्त संशयाने पाहतात. शिवाय फुकटचं असलं की पैसा कुठून येतो ते विचारावं. होला नावाची फुकटची सेवा २०१५ मध्ये याच कारणाने गाजली. ती वापरणाऱ्यांच्या जोडण्या पैसे घेऊन तिसऱ्यांना विकल्या जात होत्या. म्हणजे तुमच्या घरच्या पत्त्यावरून कोण कुठे काय करतंय ते तुम्हाला कळणारही नाही, आणि ठपका तुमच्या पत्त्यावर. वाड्याचं नाव खराब होतं ते असंच.

गरुडझेप | मंगळवार, सकाळी ८:४१

हे माहीत नव्हतं. माझ्या फोनवरून काढून टाकलं. धन्यवाद.

राइनकाठची | मंगळवार, दुपारी १:१०

माझं दार उलट्या बाजूने बंद आहे. मी जर्मनीत राहते. २५ मे २०१८ ला युरोपचा विदासंरक्षण कायदा लागू झाला, त्या दिवसापासून अमेरिकेतल्या कित्येक वृत्तपत्रांनी युरोपातल्या वाचकांना थेट बंदी केली. पानावर ४५१ हा आकडा यायचा. त्याचा अर्थ ‘कायदेशीर कारणाने उपलब्ध नाही’. ते एक वेळ चालतं, तिथे निदान कारण तरी लिहिलेलं असतं.

जिव्हारी लागतं ते मायदेशाचं. गावाकडच्या कागदपत्रांसाठी लागणारं एक सरकारी संकेतस्थळ इथून उघडतच नाही. बाहेरच्या देशांतून हल्ले होतात म्हणून परदेशी पत्ते सरसकट बंद. पैसे भरून भारतातला पत्ता देणारी व्हीपीएन सेवा घेतली होती. मग एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनचा, म्हणजे भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, आदेश निघाला, ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवा म्हणून. त्यावर अनेक मोठ्या कंपन्यांनी आपली यंत्रं भारतातून हलवली. आता माझे सत्तरीतले वडील तालुक्याला जाऊन रांगेत उभे राहतात आणि मला कागदाचा फोटो पाठवतात. परदेशातल्या मराठी माणसाची जमीन, आईवडील, वारसनोंदी सगळं मायदेशातच असतं हे ज्याने तो नियम लावला त्याच्या ध्यानात आलं असतं, तर पासपोर्ट क्रमांकावर ओळख पटवून आत घेण्याची सोय करणं अवघड नव्हतं.

कराडचा फॉर्मवाला | मंगळवार, रात्री ८:००

माझं सेवा केंद्र आहे. बारावीच्या निकालानंतर आठ संगणकांवर एकाच वेळी मुलं प्रवेशाचे फॉर्म भरत असतात, बाहेरचा पत्ता एकच. एका वर्षी शेवटच्या दिवशी दुपारी चारला ४२९ आला. ‘फार जास्त मागण्या’. एक मुलगी ढेबेवाडीकडून एसटीने आली होती आणि तिची परतीची शेवटची गाडी साडेपाचची. मी घाबरून आठही संगणकांवर ताजं करत राहिलो, त्याने बंदीची मुदत आणखी लांबली. शेवटी तिचा फॉर्म माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर भरला.

तेव्हापासून दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्यात. चार संगणक एकीवर, चार दुसरीवर. ४२९ आला की सगळ्यांनी हात वर, दहा मिनिटं कुणी काही दाबायचं नाही. ४२९ आणि ४०३ मधला फरक सगळ्यांनी ध्यानात ठेवावा. ४२९ म्हणजे ‘जरा थांबा’, तो आपोआप सुटतो. ४०३ म्हणजे नकार, तो थांबून सहसा सुटत नाही.

ओवीसंग्रह | बुधवार, सकाळी ११:२५

दाराच्या आतल्या बाजूने मी लिहिते. जात्यावरच्या ओव्यांचं माझं एक छोटं संकेतस्थळ आहे. बायका फोनवरून ओव्या टंकून पाठवतात. मागच्या दोन वर्षांत माणसांपेक्षा यंत्रंच जास्त यायला लागली. मजकूर गोळा करणारी, पासवर्ड चाचपणारी. सर्व्हर दिवसातून तीनदा बसायचा, महिन्याचं बिल दुप्पट झालं. मग होस्टिंगवाल्याच्या सल्ल्याने सुरक्षेची भिंत लावली आणि ती सगळ्यात कडक पातळीवर ठेवली.

ओव्या येणं थांबलं. मला वाटलं, उन्हाळ्याची कामं असतील. दोन महिन्यांनी भोर भागातल्या एका आजींच्या नातवाचा फोन आला, की आजी रोज पाठवते आणि रोज ‘तुम्हाला अडवलं आहे’ येतं, ती विचारते माझं काय चुकलं. नोंदी उघडल्या तर एकशे चाळीस ओव्या भिंतीने परतवलेल्या. कारण असं, की या भिंतींचे जे मोफत नियमसंच मिळतात त्यांना चार पातळ्या असतात. पहिली नेहमीच्या वापराची. वरच्या पातळ्यांवर एक नियम असा आहे की इंग्रजी कीबोर्डच्या मूळ चिन्हांबाहेरचं काहीही आलं की ते संशयास्पद. देवनागरीचं प्रत्येक अक्षर त्याच्या बाहेरचं. आजींची ‘पहिली माझी ओवी’ त्या यंत्राला हल्ला वाटली.

तो नियम बंद केला, पातळी एकवर आणली. परदेश सरसकट बंद केले होते, तेही उघडले, कारण मॉरिशसच्या एका मराठी ताईंनीही कळवलं की साइट दिसत नाही. आजींना फोन करून माफी मागितली. त्यांनी फोनवरच सात ओव्या म्हणून दाखवल्या.

म्हणून माणकाठ भाऊ, साइटवाल्याला नक्की लिहा. आम्हाला आतून फक्त आकडे दिसतात. परत गेलेला माणूस दिसत नाही, कारण तो निमूट परत जातो. पत्रात चार गोष्टी द्या: तळाची ती ओळ, तुमचा बाहेरचा पत्ता, तारीख-वेळ आणि नेमकं काय उघडत होता. वेळ लिहिताना भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, हे स्पष्ट लिहा. नाहीतर नोंदीत शोधताना सापडत नाही.

नदीष्ट | बुधवार, दुपारी १२:०२

क्लाउडफ्लेअर या सुरक्षा सेवा देणाऱ्या कंपनीच्या पानावर त्या ओळीला ‘रे आयडी’ म्हणतात, इतर ठिकाणी संदर्भ क्रमांक किंवा घटना क्रमांक. साइटवाल्याने तो नोंदीत टाकला की कुठल्या नियमाने अडवलं ते कळतं. क्लाउडफ्लेअरला स्वतःला लिहून उपयोग नसतो, नियम साइटच्या मालकाचा असतो.

ओवीसंग्रह ताई, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

स्पर्शलिपी | बुधवार, रात्री ९:३०

मी पूर्ण अंध आहे, संगणक एनव्हीडीए या वाचकाने, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने, वापरते. तुमच्यापैकी बहुतेकांना सरळ नकार मिळतो. आमच्यासारख्यांना मिळतं ते ‘माणूस आहात हे सिद्ध करा’. ज्या चौकटींत सिग्नल दिसतात त्या निवडा. मला चौकटी दिसत नाहीत.

आवाजाचा पर्याय असतो, असं सगळे सांगतात. तो परक्या उच्चारातला, खरखरीत मिसळलेला, आणि माझा वाचक त्याच वेळी बोलत असतो. तीनदा चुकलं की पुढचं कोडं आणखी कठीण. गेल्या महिन्यात एका ठिकाणी नोकरीचा अर्ज भरताना नऊ वेळा चुकले, मग त्यांनी माझा पत्ताच अडवला. माऊस न हलवता फक्त कळफलकावरून झरझर पुढे जाणारी मी त्या यंत्राला यंत्र वाटत असणार.

अंधांना याची अडचण होते हे नवीन नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००५ मध्येच यावर टिपण काढलं होतं. काही ठिकाणी आता कोडं न घालता ब्राउझर स्वतःच मागे तपासणी करून सोडतो. तिथे मला काहीच अडत नाही, आणि अशी साइट लागली की मी त्यांना धन्यवादाचा मेल पाठवते. ओवीसंग्रह ताई, तुमच्या भिंतीत कोडं असेल तर एकदा डोळे मिटून, फक्त टॅबच्या कळीने, फॉर्म भरून बघाल का?

ओवीसंग्रह | बुधवार, रात्री १०:१०

स्पर्शलिपी, आत्ता बघितलं. तिसऱ्या पायरीवर अडकले. कोडं काढून टाकलंय. त्याऐवजी माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवलाय. यंत्रं सगळे रकाने भरतात, त्यावरून ओळखू येतात. पण तो रकाना तुमच्या वाचकाला ऐकू येतो का ते मला कळत नाही. तपासून सांगाल?

स्पर्शलिपी | बुधवार, रात्री १०:३४

ऐकू येतोय. ‘रिकामी चौकट’ एवढंच म्हणतो. त्यावर वाचकापासून लपवण्याची खूण घाला, नाहीतर ‘हा रकाना भरू नका’ असं लेबल द्या. लेबल जास्त बरं, कुणाचाच घोटाळा होणार नाही. एक ओवी मीही पाठवली आहे, माझ्या आत्याची.

माणकाठ | पुढचा सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. काय काय झालं ते लिहितो.

वॅन आयपी १००.८० ने सुरू होणारा निघाला. बाहेरचा पत्ता एक्सबीएल यादीत होता. ते पान फोनवर घेऊन आमच्या केबलवाल्याकडे गेलो. आधी म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही. मग मी त्याच्यासमोर दोन-तीन गिऱ्हाइकांना फोन लावले. एकाला आठवडाभर सतत कोडी सोडवावी लागत होती, दुसऱ्याच्या मुलीला परीक्षेच्या सरावाची साइट बंद होती. सगळ्यांनी आपापल्या फोनला दोष देऊन गप्प बसायचं ठरवलं होतं.

तो भला माणूस निघाला. कुठल्या वेळी कुठलं घर कुठल्या बाहेरच्या पत्त्यावर होतं याच्या नोंदी परवान्याच्या अटीप्रमाणे त्याच्याकडे असतातच. त्याने आणि त्याच्या जोडारी पोराने दोन रात्री बसून पाहिलं. पलीकडच्या वाडीतल्या एका घरातून पहाटे तीनला हजारो जोडण्या बाहेर जात होत्या. घर एका निवृत्त गुरुजींचं. आम्ही तिघं गेलो. टीव्हीला जोडलेली एक स्वस्तातली अँड्रॉइड पेटी होती, सगळे चॅनेल फुकट दिसतात म्हणून मुलाने बाजारातून आणलेली. पेटी काढली आणि त्या रात्रीपासून सगळं शांत.

गुरुजी फार खजील झाले, मला ते बघवेना. त्यांचा काय दोष?

तारमार्ग | पुढचा सोमवार, रात्री ९:५०

काहीच नाही. त्या पेट्यांमध्ये विषाणू कारखान्यातून किंवा विक्रीच्या वाटेवरच घातलेला असतो. २०२३ मध्ये हे जाळं ‘बॅडबॉक्स’ या नावाने उघडकीला आलं. दुसऱ्या पिढीबद्दल जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला आणि पुढच्याच महिन्यात गूगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. एक कोटीहून जास्त उपकरणं त्यात होती. पेटी चित्रपट दाखवते आणि मागच्या दाराने तुमची जोडणी परक्यांना भाड्याने देते. मालकाला काहीच जाणवत नाही.

ती पेटी पुन्हा मूळ स्थितीला आणून वापरू नका. विषाणू मूळ प्रणालीतच असतो, पुसला जात नाही. ई-कचऱ्यात द्या. केबलवाल्याला सांगा, स्पॅमहाउसच्या यादीतून पत्ता काढण्याची विनंती फुकट करता येते, पण यंत्र बाजूला केल्यावरच करावी. आणि जमलं तर त्याला आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, चालू करायला सांगा. त्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही, प्रत्येक घराला स्वतंत्र मिळतो. ज्या साइट्स त्यावर आहेत तिथे तरी शेजारच्या बिऱ्हाडाचा दंड तुम्हाला बसणार नाही. जुन्या पद्धतीवरच राहिलेल्या साइट्सना वाड्याच्याच दरवाजातून जावं लागेल.

माणकाठ | गुरुवार, रात्री १०:०५

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा पत्ता अंगणात उभं राहून शोधला आणि ताईंनी सांगितलेल्या चार गोष्टी घालून मेल केला. भाचीने इंग्रजी तपासून दिलं. पेटीचंही लिहिलं. आज उत्तर आलं. ग्रंथपाल बाईंनी लिहिलंय की मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांनी संग्रह बसवला होता, म्हणून वाईट गुण असलेले पत्ते सरसकट नाकारायला सुरुवात केली. आता नाकारण्याऐवजी क्षणभराची तपासणी ठेवली आहे. त्यांनी विचारलं, आमच्याकडे हा रोग डाळिंबाच्या खोडावर कसा दिसतो, फोटो आहेत का. उद्या उजाडताच काढणार आहे.

आत्ता पान उघडलंय. दोन सेकंद चक्र फिरलं आणि आत सोडलं. एकाहत्तराव्या पानावर आहे, लिंबाच्या खैऱ्यात पावसाच्या थेंबांबरोबर जिवाणू किती लांब उडतो ते.

सांगोलेकर | गुरुवार, रात्री १०:४०

एवढे दिवस नुसता वाचत होतो, आज आयडी घेतला. माझीही भगवा डाळिंबाची बाग आहे, तेल्याने दोन बहार गेले. वहीची पानं फोटो काढून द्याल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

माणकाठ | गुरुवार, रात्री १०:५२

देतो की. अक्षर लागलं नाही तर फोन करा, वाचून दाखवीन.